भांडाराचे द्वारपाळ व त्यांची डागडुजी

एकत्र कुटुंबांत दोन गोष्टी नीट चालल्या म्हणजे बाकीचें घर पुष्कळसें आपोआप चालतें, असा जुन्या मंडळींचा अनुभव आहे. कोठीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हें सर्वांस ठाऊक असणें ही एक, आणि कोठींत काय आलें व तींतून काय गेलें याची वही रोजच्या रोज लिहिली जाणें ही दुसरी. किल्ली हरवली तर भरल्या कोठीपाशीं घर उपाशी राहतें. वही चुकली तर चूक कोणाची हें ठरवितांना मनें दुखावतात. आज असंख्य मराठी घरांतील मुलगे, मुली, सुना व जांवई ज्या संगणकाच्या व्यवसायांत शिरले आहेत, त्या व्यवसायांतहि हीच कोठी, हीच किल्ली आणि हीच वही आहे. रात्रीं दोन वाजतां मुलाच्या खोलींत दिवा दिसतो, वडील माणसें चौकशी करतात, आणि 'सर्व्हर पडला आहे' एवढेंच उत्तर मिळतें. हा सर्व्हर म्हणजे काय, तो कशानें पडतो, आणि त्याला उभा करण्यासाठीं दर वेळीं माणसाचीच झोप कां मोडावी, हे प्रश्न वाटतात तितके रुक्ष नाहींत. त्यांचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वहीचा जन्म

एखादा मोठा प्रोग्रॅम म्हणजे शेंकडों हातांनीं लिहिलेला ग्रंथ होय. आज एकानें लिहिलेली ओळ उद्यां दुसरा खोडतो आणि परवां तिसरा ती पुन्हां आणतो. कोणी, केव्हां व कोणत्या हेतूनें काय बदललें याची नोंद राखणारी जी व्यवस्था, तिला आवृत्ति-नियंत्रण असें म्हणतात. आणि तो ग्रंथ व त्याची नोंद जेथें साठविली जाते त्या जागेचें नांव रिपॉझिटरी, म्हणजेच भांडार. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉचकाइंड यांनीं १९७२ सालीं या जातीचें आरंभींचें साधन रचलें. १९८२ सालीं पर्ड्यू विद्यापीठांत वॉल्टर टिची यांनीं आरसीएस नांवाचें दुसरें साधन सिद्ध केलें. पुढें १९८६ सालीं ॲमस्टरडॅम येथें डिक ग्रून यांनीं सीव्हीएस रचलें. त्याचें कारण मोठें घरगुती आहे. ते व त्यांचे दोन विद्यार्थी मिळून एकच काम करीत होते, पण तिघांच्या कामाच्या वेळा जुळत नव्हत्या. तेव्हां एकाचें लिखाण दुसऱ्याच्या पायांत येऊं नये अशी कांहीं सोय त्यांस हवी होती. ज्या घरांत न्हाणीघर एक आणि सकाळीं कामावर जाणारीं माणसें चार, त्या घराला या शोधाचें मर्म वेगळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

२००० सालीं सबव्हर्जन या साधनाचें काम सुरू झालें, आणि २००५ सालच्या एप्रिल महिन्यांत लिनस टॉरवल्ड्स यांनीं गिट लिहावयास घेतलें. लिनक्सच्या गाभ्याचे लेखक तोंवर बिटकीपर नांवाचें एक खासगी साधन फुकट वापरीत असत. ती सवलत बंद झाली, आणि गरजेपोटीं गिट जन्मास आलें. सबव्हर्जनमध्यें वही एका जागीं असते. गिटमध्यें प्रत्येकाजवळ सबंध वहीची नक्कल असते. तरीहि सर्वांचें लिखाण एकत्र येण्यास एक सामाईक भांडार लागतेंच, आणि त्या भांडाराचें दार अडलें म्हणजे शंभर माणसांची देवघेव थांबते.

द्वारपाळ व त्याचें आज्ञापत्र

या दाराशीं जो उभा असतो तो वेब सर्व्हर. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेला अपाची आणि २००४ सालीं आलेला एंजिनएक्स हे त्यांतले दोन नामांकित द्वारपाळ. एरवीं ते साधीं वेबपानें दाखवितात. पण त्यांना गिट किंवा सबव्हर्जन जोडून दिलें म्हणजे तेच भांडाराचें दार राखूं लागतात. द्वारपाळाला स्वतःची अक्कल नसते. कॉन्फिगरेशन नांवाच्या एका फाईलींत त्याचें आज्ञापत्र लिहिलेलें असतें: भांडार कोठें आहे, आंत कोणी यावें, एका वेळीं किती बोजा आणूं द्यावा, आणि आंत काम कोणाच्या नांवानें करावें. एखादा शब्द चुकला किंवा एखादा कंस राहून गेला तर द्वारपाळ जागचा हालत नाहीं.

शिवाय हें आज्ञापत्र एकदां लिहिलें म्हणजे कायमचें झालें, असेंहि नसतें. द्वारपाळाची नवी आवृत्ति येते आणि जुन्या शब्दांचे अर्थ बदलतात. एंजिनएक्सला कांहीं सांगितलें नसेल तर तो एक मेगाबाइटाहून मोठा बोजा आंत घेत नाहीं. लहान बदल सुखरूप जातात, मोठा आला कीं ४१३ या क्रमांकाची चूक दाखवून तो परत पाठविला जातो, आणि नवशिका माणूस दोष गिटवर ठेवतो. अपाची पूर्वीं असा बोजा अमर्याद घेत असे. २०२२ सालच्या २.४.५४ या आवृत्तीपासून, निराळी आज्ञा नसल्यास, तो एक गिगाबाइटापाशीं थांबवितो. त्याच वर्षीं एप्रिलांत गिटनें सुरक्षिततेसाठीं एक नवा नियम आणला: भांडाराचा मालक एक व तें उघडणारा दुसरा असेल, तर विशेष परवानगीवांचून गिट त्या भांडारास हात लावीत नाहीं. भांडार एकाच्या नांवें व द्वारपाळ दुसऱ्याच्या नांवें, ही व्यवस्था अनेक ठिकाणीं वर्षानुवर्षें चालत आली होती. तेथें काल उघडणारें दार आज उघडेना, आणि आज्ञापत्रांत तर कोणीं एक अक्षरहि बदललेलें नव्हतें!

हातानें केलेली दुरुस्ती

एकच द्वारपाळ असेल तर माणूस तेथें जातो, फाईल उघडतो, एक ओळ बदलतो आणि घरीं येतो. द्वारपाळ आठ झाले म्हणजे मात्र गोष्ट निराळी होते. आठांपैकीं सात नीट होतात, आठवा राहून जातो, आणि जो राहिला तो कोठला हें कोणासच आठवत नाहीं. याचें महाग उदाहरण नाइट कॅपिटल या अमेरिकन पेढीचें आहे. शेअरबाजारांत व्यवहार करणारा नवा प्रोग्रॅम तिच्या आठ सर्व्हरांवर चढवावयाचा होता. तो सातांवर चढला, एकावर राहिला. दुसऱ्या माणसानें ताळा पाहिला नाहीं. १ ऑगस्ट २०१२ रोजीं बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरावरचा जुना प्रोग्रॅम भलतेच व्यवहार करूं लागला. सुमारें ४५ मिनिटांत पेढीचें ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झालें. तें भांडाराचें दार नव्हतें, ही गोष्ट खरी. पण दोष त्याच जातीचा होता. एकच काम आठदां करतांना माणसाचें लक्ष सातव्यानंतर ढळलें, तर त्यांत नवल तें काय?

आमटींत मीठ

यावर साहजिक सुचणारा उपाय असा, कीं जें माणूस हातानें करतो तें एका यादींत लिहावें आणि ती यादी यंत्राकडून वाचवून घ्यावी. परंतु यादी कशी लिहावी यांतच सारें शहाणपण आहे. तीन जावांच्या स्वयंपाकघराचा विचार करा. 'आमटींत चमचाभर मीठ घाल' असा निरोप सासूबाईंनीं ठेवला आणि तो तिघींनीं आळीपाळीनें वाचला, तर आमटी कोणाच्यानें खाववणार नाहीं. तोच निरोप 'आमटी बेताची खारट असूं दे' असा असेल, तर पहिली मीठ घालील, दुसरी चव पाहील व गप्प राहील, आणि तिसरीहि तेंच करील. निरोप कितीहि वेळां वाचला तरी आमटी तीच.

संगणकाच्या क्षेत्रांत हा विचार रुजविण्याचें श्रेय मुख्यतः मार्क बर्जेस यांस आहे. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. ऑस्लो विद्यापीठांत असतां १९९३ सालीं त्यांनीं सीएफएंजिन हें साधन निर्माण केलें. 'अमुक कर' असें यंत्रास सांगण्याऐवजीं 'अमुक स्थिति असावी' असें सांगावयाचें; यंत्र प्रत्यक्ष स्थिति पाहतें, फरक असेल तेवढाच भरून काढतें, आणि फरक नसेल तर स्वस्थ बसतें. पुढें २००५ सालीं पपेट व २०१२ सालीं अँसिबल हीं साधनें याच मार्गानें आलीं. अँसिबल हा शब्द मुळांत अर्सुला ल ग्विन या लेखिकेनें १९६६ सालच्या आपल्या एका कादंबरींत, कितीहि दूरवर क्षणांत निरोप पोंचविणाऱ्या काल्पनिक यंत्रासाठीं योजिला होता. आठ काय आणि आठशें काय, सर्व द्वारपाळांस एकच निरोप पोंचविणाऱ्या साधनास तें नांव शोभून दिसतें.

दार उघडलें, पण कोणास?

येथपर्यंत वाचून कोणासहि वाटेल कीं आतां सुटलों. पण खरा धोका येथूनच सुरू होतो, आणि तो नीट समजावा म्हणून एक उदाहरण थोडें विस्तारानें देतों.

अपाचीच्या २.२ या आवृत्तींत दाराचे पहारे दोन होते. पहिला पहारा माणूस कोठून आला हें पाही. त्याला 'अलाउ फ्रॉम ऑल', म्हणजे कोठूनहि येवो, असें सांगितलेलें असे. दुसरा पहारा परवलीचा शब्द विचारी. त्याची आज्ञा 'रिक्वायर व्हॅलिड-यूजर'. आंत जाण्यास दोन्ही पहारे ओलांडावे लागत. २०१२ सालीं २.४ ही आवृत्ति आली. तिच्या नव्या भाषेंत 'अलाउ फ्रॉम ऑल' याच्या जागीं 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' असें लिहावयाचें ठरलें. जुनी भाषा समजणारा एक जोडभाग ठेवलेला होता, पण तो जोडलेला नसला कीं जुन्या आज्ञा पाहून सर्व्हर चालूंच होत नसे.

अशा वेळीं घाईंतला माणूस एक छोटा प्रोग्रॅम लिहितो: सर्व आज्ञापत्रांत जेथें जेथें जुनी ओळ दिसेल तेथें तेथें नवी घाल. एका क्षणांत पन्नास फाइली दुरुस्त होतात, सर्व्हर चालूं होतो, लोक भांडारांत येऊं लागतात, आणि शाबासकी मिळते. पण नव्या भाषेंत एक गोम आहे. एकाखालीं एक लिहिलेल्या 'रिक्वायर' या आज्ञांपैकीं कोणतीहि एक पुरी झाली तरी दार उघडतें, मग बाकीच्या पुऱ्या होवोत वा न होवोत. दोन्ही पुऱ्या झाल्याच पाहिजेत असें हवें असल्यास तसें निराळें लिहावें लागतें. म्हणजे 'सर्वांस मोकळीक' आणि 'परवलीचा शब्द सांगणारास मोकळीक' या दोन आज्ञा शेजारीं आल्या कीं परवलीचा शब्द कोणी विचारीतच नाहीं! काल खासगी असलेलें भांडार आज जगास उघडें पडतें. चूक म्हणून कोठें नोंद होत नाहीं. हक्काचीं माणसें सुखानें आंत-बाहेर करतात, म्हणून कोणाची तक्रार येत नाहीं. आणि चोर तर तक्रार करीत नसतो.

गिटच्या मालकीच्या नियमाचेंहि असेंच आहे. ज्या भांडारांस खरोखर परवानगी हवी तेवढ्यांचींच नांवें लिहावीं हा सरळ मार्ग. पण नांवाच्या जागीं एक तारा काढला कीं सर्वच भांडारें एका फटक्यांत मोकळीं होतात, आणि ज्या संकटासाठीं तो नियम केला तें संकट पुन्हां दारांत येऊन उभें राहतें. कुलूप अडतें म्हणून कोयंडाच उपटून टाकावा, त्यांतलाच हा प्रकार.

दुरुस्तीचा विधि

म्हणून आपोआप दुरुस्ती करणारें यंत्र रचतांना त्याला माणसाचे हात देऊन भागत नाहीं. सावध माणसाच्या संवयीहि द्याव्या लागतात. पहिली संवय अशी, कीं बदल करण्यापूर्वीं आहे तें आज्ञापत्र जसेंच्या तसें बाजूस ठेवावें. दुसरी, बदललेलें आज्ञापत्र अमलांत आणण्याच्या आधीं द्वारपाळाकडून वाचून घ्यावें. अपाची व एंजिनएक्स या दोघांतहि अशी वाचनपरीक्षा घेण्याची सोय आहे, आणि तींत चूक निघाली तर यंत्रानें तेथेंच थांबावें. तिसरी, परीक्षा उतरल्यावर द्वारपाळास धक्का देऊन उठवूं नये. चालूं असलेलीं कामें पुरीं होऊं द्यावीं आणि नव्यांस नवा नियम लावावा. ही सोयहि दोघांजवळ आहे. चौथी संवय आम्ही सर्वांत महत्त्वाची समजतों. यंत्रानें बाहेर जाऊन स्वतः दार ठोठावून पहावें, आणि तें दोनदां: एकदां परवलीचा शब्द घेऊन, व एकदां त्यावांचून. पहिल्या खेपेस दार उघडलें पाहिजे, आणि दुसऱ्या खेपेस तें बंद राहिलें पाहिजे. यांपैकीं कांहीं एक फसल्यास बाजूस ठेवलेलें जुनें आज्ञापत्र पुन्हां लावून माणसास हांक मारावी. वर सांगितलेली उघड्या भांडाराची चूक वाचनपरीक्षेंत सांपडणारी नव्हे, कारण व्याकरणदृष्ट्या तींत कांहींच वावगें नाहीं. ती या दुसऱ्या ठोठावण्यांतच सांपडते.

आणखी एक गोष्ट. हीं आज्ञापत्रें व हे दुरुस्तीचे निरोप स्वतःच एखाद्या भांडारांत ठेवण्याची उत्तम चाल पडली आहे. म्हणजे द्वारपाळास काय सांगितलें होतें याचीहि वही राहते. पण ज्या दाराची दुरुस्ती करावयाची त्याच दाराच्या आंत दुरुस्तीचा एकुलता एक कागद ठेवूं नये. तिजोरीची किल्ली तिजोरींत ठेवून वरून कुलूप लावण्यासारखें तें होईल. एक नक्कल बाहेर असावी, आणि ती कोठें आहे हें घरांतल्या एकाहून अधिक माणसांस ठाऊक असावें.

यंत्राची झोप

यंत्र थकत नाहीं, पण चुकीचा निरोपहि तें तितक्याच तत्परतेनें पोंचवितें. २ जुलै २०१९ रोजीं क्लाउडफ्लेअर या कंपनीनें आपल्या जगभरच्या द्वारपाळांस एक नवा नियम एकाच वेळीं धाडला. त्या नियमांतील एका चुकीच्या ओळीनें सर्व यंत्रें दमछाक होऊन बसलीं, आणि असंख्य संकेतस्थळें २७ मिनिटें बंद पडलीं. हातानें केलेली चूक एका दाराशीं थांबली असती; यंत्रानें ती क्षणांत सर्व दारांशीं नेली. म्हणून नवा निरोप आधीं एका द्वारपाळास द्यावा, थोडा वेळ पाहावें, मग चौघांस, मग सर्वांस. मोठ्या समारंभाच्या स्वयंपाकांत पहिला घाणा काढून तो चाखून पाहण्याची रीत आपल्याकडे आहेच.

याहून बोधप्रद गोष्ट गिटलॅबची. लोकांचीं गिट-भांडारें ठेवणारी ही कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं तेथील एका थकलेल्या तंत्रज्ञानें, दुय्यम सर्व्हर समजून, मुख्य सर्व्हरावरच्या माहितीचा संग्रह पुसला. चूक ध्यानांत येऊन हात थांबेपर्यंत सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं अवघें साडेचार गिगाबाइट उरलें होतें. रोज आपोआप घेतली जाणारी नक्कल काढूं गेले, तों ती जागा रिकामी! नक्कल घेणारें साधन जुन्या आवृत्तीचें होतें व संग्रह नव्या आवृत्तीचा. त्यामुळें नक्कल घेणें मुकाट्यानें फसत होतें. तें फसल्याचीं पत्रें यंत्र पाठवीत होतें, पण तीं पत्रें वाटेंतच नाकारलीं जात होतीं. शेवटीं उपयोगीं पडली ती त्याच दिवशीं सुमारें सहा तास आधीं हातानें घेतलेली एक नक्कल. भांडारांतलें मूळ लिखाण बचावलें. सहा तासांतल्या नोंदी, अभिप्राय व नव्या सभासदांचीं खातीं मात्र गेलीं. कंपनीनें ही सारी हकीकत स्वतः होऊन जगापुढें मांडली आणि त्या माणसास बळीचा बकरा केलें नाहीं, हें तिला भूषणावह आहे.

या गोष्टीवरून कोणी म्हणेल, कीं हातच बरा. आमच्या मतें तिचा बोध निराळा आहे. जें काम यंत्रावर सोंपविलें, तें होत आहे कीं नाहीं हें पाहण्याचें काम कोणा एका माणसाच्या नांवावर असलें पाहिजे. आणि 'कांहीं तक्रार आली नाहीं' यास 'सर्व ठीक आहे' असें समजूं नये. नक्कल घेतली एवढ्यानें भागत नाहीं. महिन्यांतून एकदां ती उलगडून तींतून संग्रह पुन्हां उभा करून पाहावा.

उरलेलें काम कोणाचें?

अशीं यंत्रें झालीं तर आमच्या मुलांचें काय, असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. तो पोटाचा प्रश्न आहे, म्हणून त्यास हंसूं नये. परंतु कांहीं कामें आतां माणसाच्या हातीं ठेवणेंच अशक्य होत चाललें आहे. दाराची ओळख पटविणारें जें प्रमाणपत्र प्रत्येक वेब सर्व्हरास लागतें, तें २०१५ सालापासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते. त्याची मुदत पहिल्यापासून मुद्दाम ९० दिवसांची ठेविली, ती लोकांनीं नूतनीकरण यंत्रावर सोंपवावें म्हणून. एप्रिल २०२५ मध्यें प्रमाणपत्रें देणाऱ्या संस्था व ब्राउझर करणाऱ्या कंपन्या यांच्या मंडळानें असें ठरविलें, कीं १५ मार्च २०२९ पासून अशा कोणत्याहि प्रमाणपत्राची मुदत ४७ दिवसांहून अधिक असूं नये. दर दीड महिन्यानें शेंकडों दारांवरचे कागद हातानें बदलीत बसणारा माणूस कोठून आणावयाचा?

तेव्हां कागद बदलणें, ओळ सुधारणें, दार ठोठावून पाहणें हीं कामें यंत्रानें खुशाल करावीं. कोणतें भांडार कोणास उघडें असावें, हा निर्णय मात्र माणसाचा. तो न्यायाचा व विश्वासाचा प्रश्न आहे, आणि एका शब्दाच्या अदलाबदलीनें तो कसा परस्पर ठरून जातो हें वर दिसलेंच. ज्या घरीं कोणी या धंद्यांत असेल तेथें वडील मंडळींनीं 'सर्व्हर उभा राहिला कां?' एवढेंच विचारून थांबूं नये. 'तो आंत कोणास घेतो, हें कोणीं पाहिलें?' असेंहि विचारावें. प्रश्न साधा आहे, पण तो वेळीं विचारला गेला तर पुष्कळ घरांतील रात्रींचे दिवे लवकर मालवतील.